तक्त्यातले अण्णा

तुरुंगाच्या जुन्या चित्रांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि आता या वयात ते सुधारेल असं दिसत नाही. कुठलंही चित्र काढा, कुठल्याही देशाचं, सगळी एकाच साच्यातली. उंचावर एक एवढीशी खिडकी. तिच्यातून उन्हाची तिरीप येते ती नेमकी कैद्याच्या तोंडावर, जणू सूर्यही तिथं ड्युटीवर आहे. खाली गवत, पाण्याचा तांब्या, एक उंदीर. उंदीर चांगला गुबगुबीत. साखळी अशी जाड की तिला जहाज बांधावं. कैद्याचे केस वाढलेले, पण कसे, शिकेकाईनं धुतल्यासारखे. मी आजपर्यंत पाहिलेल्या एकाही चित्रात पायखाना नाही. माणूस वर्षानुवर्षं त्या कोठडीत बसून आकाशाकडे बघतोय आणि त्याला एकदाही तिकडं जावं लागत नाही. हे मी अधिकारानं बोलते, कारण माझं सगळं लहानपण नाशिक रोडला जेलच्या भिंतीला लागून असलेल्या वसाहतीत गेलं, आणि त्याहून मोठा अधिकार म्हणजे, असल्या एका चित्रात आमचे अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील, जेलमध्ये शिपाई. आमचं क्वार्टर दीड खोल्यांचं आणि पुढं पत्र्याची पडवी. लोकांना वाटतं जेलजवळ राहणं म्हणजे रात्रंदिवस किंकाळ्या. किंकाळ्या मी ऐकल्या त्या शेजारच्या क्वार्टरमधल्या, त्याही बाळाचं नाक साफ करताना. जेलचा आवाज म्हणजे तासाचे टोल, मोठ्या दाराची कडी, आणि संध्याकाळची शिट्टी. संध्याकाळी आत कैद्यांची मोजणी व्हायची, तिला सगळे गिनती म्हणत. वसाहतीत एक रीत होती: गिनती जुळल्याचा टोल पडल्याशिवाय कुठल्याही घरात ताट वाढायचं नाही. कधी गिनती चुकायची, पुन्हा मोजायचे, पुन्हा चुकायची, आणि इकडे ओळीनं सगळ्या घरांतून बाजरीच्या भाकऱ्या गार होत पडायच्या. पोरं भुकेनं रडायची आणि आया चिडून म्हणायच्या, “मेल्यांना मोजता येत नाही आणि कोंडायला निघालेत.” टोल पडला की सगळ्या वसाहतीत एकदम ताटल्यांचा आवाज उठायचा. जेल म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी सांगते, कंटाळा आणि मोजणी. पण कंटाळ्याचं चित्र काढता येत नाही, आणि मोजणीचं काढलं तर कोण विकत घेणार?

अण्णांच्या अंगावरचं सगळं सरकारी होतं. खाकी सरकारी, पट्टा सरकारी, बूट सरकारी, आम्ही झोपायचो ती खोली सरकारी, तिच्यातल्या पलंगाच्या पायावरसुद्धा पांढऱ्या रंगात नंबर. स्वतःची अशी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, ती म्हणजे मिशी. दाट, काळीभोर, दोन्ही टोकं वर वळवलेली. सकाळी आंघोळ झाली की खोबरेल तेलाचं बोट तिच्यावरून फिरवायचं, मग देवाला नमस्कार. हा क्रम कधी उलटा झाला नाही. आत जेलमध्ये ते कसे वागत हे मी पाहिलेलं नाही, त्यामुळं ते संत होते असं म्हणणार नाही. घरी मात्र झुरळ मारायलाही आईला हाक जायची.

त्या मिशीवर पेंटरकाकांची नजर पडली. पेंटरकाका म्हणजे देवळालीकडचे एक गृहस्थ. सिनेमाचे बोर्ड, ट्रकच्या मागचे मोर, दुकानांच्या पाट्या, जे मिळेल ते रंगवायचे. त्यांना कुठल्याशा प्रकाशकानं शाळेच्या तक्त्यांचं काम दिलं होतं. फळे, भाज्या, वाहतुकीची साधने हे तक्ते झाले, आता स्वातंत्र्यलढ्याचे करायचे होते, आणि त्यांतला एक तुरुंगाचा. अण्णांशी त्यांची चहाच्या टपरीवरची ओळख. एका रविवारी ते आमच्याकडे आले ते काखोटीला जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून रद्दीत आलेलं. त्यात विलायतेकडच्या जुन्या तुरुंगांची चित्रं, काळ्या शाईची, रेघारेघांची. मी पडवीत बसून ती एकेक पाहिली. प्रचंड कमानी, कमानींत कमानी, कुठंच न पोचणारे जिने, छतातून लोंबणारे दोर, आणि खाली मुंगीएवढी माणसं. आमच्या देवळासमोरच्या सभामंडपाएवढी एकेकाची कोठडी.

“अण्णा, हे बघा, याला म्हणतात तुरुंग,” पेंटरकाका म्हणाले.

अण्णांनी पुस्तक लांब धरून पाहिलं. “आमच्याकडं असं नसतं हो. आमच्याकडं बराकी आहेत. वर कौलं.”

“बराकी काढल्या तर पोरांना वाटेल म्हशींचा गोठा आहे. तक्ता घेणार कोण?”

अण्णांना ते पटलं. मला तेव्हाच पटलं नव्हतं, पण मी सातवीत होते आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

ठरलं असं, की जेल पुस्तकातलं घ्यायचं आणि पहारेकरी अण्णांवरून काढायचा. “शूर पहारेकरी,” असं पेंटरकाका म्हणाले होते, हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. अण्णांनी खाकीला कडक इस्त्री केली, मिशीला दुप्पट तेल लावलं आणि रविवारी दुपारी पडवीत छाती काढून उभे राहिले. दिवस पापडांचे होते. त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला आई आणि ताई उडदाचे पापड लाटत होत्या. पीठ तेलाच्या हातानं कुटून कुटून मऊ केलेलं, त्याचा हिंगा-मिऱ्यांचा वास घरभर, आणि मी मधून मधून एखादी लाटी तेलात बुडवून तोंडात टाकत होते. लाट्या खाव्यात त्या चोरूनच, समोर ठेवलेल्या लाटीला चव नसते. तर पेंटरकाकांचं काही मनासारखं होईना. “हाताची मूठ येत नाही. काहीतरी घट्ट धरा की अण्णा. दांडका आणा.” दांडका होता आत, सरकारी, तो घरी आणायची परवानगी नाही. पेंटरकाकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ आईच्या हातातलं लाटणं मागितलं.

“अहो, पीठ वाळतंय माझं!” आई म्हणाली.

“पाच मिनिटं, वहिनी.”

ती पाच मिनिटं दिवे लागेपर्यंत चालली. पापडाचं लाटणं साधं नसतं, त्याच्यावर आडव्या रेघा कोरलेल्या असतात. आमच्या लाटण्याचं एक टोक जळलेलं होतं, कधीतरी शेगडीला टेकून राहिल्यामुळं. ते लाटणं मुठीत आवळून, हात उगारून, भुवया चढवून अण्णा उभे, आणि आई पोळपाटापुढं रिकाम्या हातानं बसलेली. तिच्या भुवया खऱ्याच चढलेल्या होत्या. पेंटरकाकांना अक्कल असती तर त्यांनी तिलाच काढलं असतं. असे तीन रविवार गेले. कैद्यासाठी त्यांनी आपला तालमीतला भाचा उभा केला होता, तो त्यांच्या घरीच. म्हणून तक्त्यातल्या कैद्याची छाती अशी भरदार.

तक्ता छापून आला तो एकदम आमच्या शाळेच्या वर्गात, इतिहासाच्या भिंतीवर, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये ताणलेला. वर लाल अक्षरांत ‘परकीय सत्तेचा जुलूम’. पुस्तकातल्या त्या विलायती कमानी, त्यातली ती उन्हाची तिरीप, तिरिपीत साखळदंडात जखडलेला, पाठीवर रक्ताचे वळ उठलेला देशभक्त, आणि त्याच्यावर चाबूक उगारून उभे आमचे अण्णा. मिशीच्या केसाकेसासकट. शूर पहारेकरी कुठल्या कुठं. मुलींनी एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मधल्या सुट्टीत एकीनं विचारलं, “तुझे अण्णा घरी पण मारतात का गं?” मी म्हटलं, “हो, आणि आज तुझं नाव सांगणार आहे.” त्यानंतर कुणी विचारलं नाही. वर्षभर मी माझ्याच बापाच्या चाबकाखाली बसून इतिहास शिकले. बाईंनी एकदाही तो तक्ता काढला नाही आणि एकदाही तो खरा आहे का असं म्हटलं नाही. भिंतीवर आहे म्हणजे असणारच खरा, हा शिक्षणाचा नियम आजही तसाच आहे. फक्त भिंत आता मोबाईलची झाली.

पेंटरकाका पुन्हा टपरीवर दिसले तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, “शूर म्हणाला होतात ना हो?” त्यावर ते म्हणाले, “प्रकाशकाला चाबूक पाहिजे होता.” आणि अण्णांचाच चहा पिऊन गेले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये ताईचं लग्न आलं. निफाडकडचं स्थळ, द्राक्षाचा बाग, मुलगा शेतकी शिकलेला. आत्यानं, म्हणजे अण्णांच्या बहिणीनं आणलेलं, तिला निफाडातच दिली होती. जेलच्या क्वार्टरमधल्या मुलीला स्थळ मिळणं सोपं नव्हतं. नुसता पत्ता ऐकून लोक चहाचा कप खाली ठेवायचे. हे लोक आले, पोहे खाल्ले, ताईला पाहिलं, होकार कळवला. आणि ताई, जिनं आधीच्या स्थळांना नुसती मान हलवली होती, ती मला न्हाणीघरात गाठून म्हणाली, “मला हाच पाहिजे गं.” आमच्या घरात मुलीनं ‘पाहिजे’ म्हणण्याची ती पहिली वेळ. मी ते लगेच आईला सांगितलं. अशा गोष्टी ठेवून काय करायच्या?

आठवडाभरानं आत्या आली ती चेहरा पाडून. नवऱ्या मुलाची आई तिथल्या शाळेत कसल्याशा कार्यक्रमाला गेली होती, आणि भिंतीवर तिनं तक्ता पाहिला.

“ओळखलं तिनं,” आत्या म्हणाली. “मिशीवरनं. ती म्हणते, आमच्या सासऱ्यांनी गोऱ्यांच्या काळात जेल भोगलं, सगळा गाव त्यांना मानतो. आणि त्यांच्या नातवाचा सासरा हा चाबूकवाला? तालुक्यातल्या झाडून सगळ्या शाळांत तक्ता लागलाय. मांडवात पोरंसोरं बोट दाखवतील.”

“मग? मोडलं म्हणते का?” आईनं विचारलं.

“मोडलं नाही म्हणत. मुलगा अडून बसलाय. पण तिची एक अट आहे.” आत्यानं अण्णांकडे पाहिलं नाही. “दादा, मिशी काढायची. लग्नात बिनमिशीचं उभं राहायचं.”

पहिली बोलली ताई. “मग राहू द्या. मला नाही करायचं.” ती हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली की सगळ्यांना ते खोटं आहे हे कळलं. अण्णा उठले, आत गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांना सुट्टी होती. सकाळी पाहिलं तर ते पडवीत आरसा खिळ्याला लावून, तोंडभर साबण फासून बसलेले. वस्तरा पाण्यात. मिशी फेसातून वर आलेली, पुरात अडकलेल्या झुडपासारखी. त्यांनी वस्तरा उचलला, नाकाखाली नेला आणि तसेच राहिले. मी आईला हाक मारली.

आईनं येऊन आधी वस्तरा काढून घेतला आणि मग बोलायला सुरुवात केली. “थांबा. पलंगावर सरकारचा नंबर, पट्ट्यावर सरकारचा नंबर. आता तोंडावर त्या बाईचा नंबर लावून घेणार का? जेल भोगलं तिच्या सासऱ्यानं. मिशी हिला टोचते? त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं का?”

“अगं, पोरीचं मन आहे तिथं,” अण्णा साबणातून म्हणाले.

“माहीत आहे. म्हणूनच मी जाते. तोंड धुवा.”

तिनं मला घेतलं, कारण मी आगाऊ आहे असं तिचं मत होतं आणि तिला तेच हवं होतं. शाळेच्या शिपायाला सांगून तक्ता खाली उतरवला, गुंडाळून मला दिला. आणखी एक पिशवी स्वतःकडे ठेवली. निफाडच्या एसटीतून उतरल्यावर ती आत्याच्या घरी गेली नाही, सरळ त्या लोकांच्या मळ्यावर.

ओट्यावर तात्या बसले होते, नवऱ्या मुलाचे आजोबा. गुडघे पोटाशी, डोक्याला पांढरं फडकं, समोर टोपलीत द्राक्षं, आणि त्यांतले किडके मणी ते कात्रीनं काढत होते. नवऱ्या मुलाची आई दारातच उभी राहिली, पाणी द्यायचं विसरून. आईनं पदर खोचला, तक्ता उलगडून तात्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “तात्या, हे बघा. तुम्ही भोगलंत ते हेच का, तेवढं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर हे मिशी काढतील. त्यांनी साबण लावून ठेवलाय.”

तात्यांनी कात्री बाजूला ठेवली. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. आईचा हात पिशवीवर घट्ट झालेला मला दिसला.

“हे काय हाय?” ते म्हणाले. “जेल?”

“हो.”

“येवढं थोरलं? ह्यात तर बैलगाडी फिरंल. आमची अशी अडचण व्हती का एकानं कूस बदलली तर समद्यांनी बदलायची.” त्यांनी बोट कैद्यावर ठेवलं. “आन ह्यो कोन पैलवान? ह्याला आत दूध व्हतं का? मला आत काय झालं ठावं हाय का? खरूज. बोटाच्या बेचक्यात. आन त्या भाजीत खडं. माझी ही दाढ तिथंच गेली. गोऱ्यानं नाय पाडली, खड्यानं पाडली. मारनारे व्हते, नाय असं नाय. पन रोजचं मरन खरजेचं.” मग त्यांनी सुनेकडं पाहिलं. “तू हे पाहून आलीस? माझं जेल तिकडं भितीवर पाहून आलीस? म्या हितं वट्यावर बसलेला हाय की, कधीचा.”

“मामंजी, लोक बघतात ते म्हटलं मी,” ती पुटपुटली. “चाबूक दिसतो ना हातात.”

तेव्हा आईनं पिशवीत हात घातला आणि लाटणं बाहेर काढलं. तक्त्यावर, अण्णांच्या मुठीशेजारी, आडवं ठेवलं. चाबकाच्या मुठीवर त्याच आडव्या रेघा होत्या. एका टोकाला तोच जळका डाग. पेंटरकाकांना जेल काढता आलं नव्हतं, पण हातातली वस्तू काढताना ते डोळे उघडे ठेवत. चामड्याची वादी तेवढी त्यांनी पदरची लावली होती.

“हा तुमचा चाबूक,” आई विहीणबाईंना म्हणाली. “पापड लाटते मी यानं. तीन रविवार माझं पीठ वाळलं. मार बसला असेल तर तो मला बसलाय.”

तात्यांनी लाटणं उचललं, चित्राला लावून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं आणि जे हसायला लागले ते खोकल्यावरच थांबले. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, “पापडाच्या लाटन्यानं सवराज आलं म्हना की! ये पोरी, द्राक्षं घे.” मी घेतली. विहीणबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं पाणी घेऊन आल्या. तांब्या जरा आपटूनच ठेवला. तात्या म्हणाले, “व्याह्यांना सांगा, मिशी लय झ्याक हाय. तिला हात लावाल तर म्या लग्नाला यायचा नाय.”

लग्न झालं. मांडवात पोरंसोरं बोट दाखवत होतीच, आणि तात्या प्रत्येकाला बोलावून लाटण्याची गोष्ट सांगत होते, दर वेळी थोडी वाढवून. अण्णा मिशीला तेल लावून उभे. विहीणबाई पंगतभर रुसलेल्या. त्यांनी ताईला पुढं छळलं नाही, पण पहिल्या उन्हाळ्यात तिनं लाटलेले पापड जाड आहेत असं मात्र सगळ्या आळीला सांगितलं. ताई अजून त्याच मळ्यावर आहे. अण्णा आणि आई दोघंही गेली. अण्णा गेले ते मिशीसकट. ती पांढरी झाली होती, तरी टोकं वर.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते गेल्या महिन्यातल्या एका जेवणामुळं. ताईच्या नातवाचा वाढदिवस होता, पोरांनी हट्ट धरला म्हणून हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात गेलो. त्या हॉटेलाला जेलची थीम आहे. गजांच्या खोल्या करून त्यांत टेबलं टाकलेली, वेटरना पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, पाणी ॲल्युमिनियमच्या टमरेलात. माणसं रांग लावून आत कोंडून घेत होती आणि गजांमागून फोटो काढत होती. भाजीत खडा नव्हता, पण मीठही नव्हतं. आम्हाला ज्या कोठडीत बसवलं तिच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत चढवलेलं एक चित्र होतं, मुद्दाम पिवळट, जुनाट केलेलं. कमानी, तिरीप, पैलवान. ताईनं माझा हात दाबला. अण्णा आमच्यापेक्षा मोठे, हात उगारून, आणि त्यांच्याखाली नातवाचा केक.

मी मॅनेजरला बोलावलं. टाय लावलेला तरुण मुलगा. विचारलं, हे कुठून आणलं.

“मॅडम, हे ओरिजिनल ब्रिटिशकालीन आहे. नेटवर मिळतं. त्या काळी कसं होतं ना, त्याचा फील येतो.”

“तो चाबूक माझ्या घरी आहे,” मी म्हटलं.

त्याचे डोळे मोठे झाले. खुर्ची ओढून तो आमच्या कोठडीत बसलाच. “काय सांगता! ओरिजिनल? मॅडम, आम्हाला द्याल का? काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुमचं नाव टाकू.”

ताई केकवरची मेणबत्ती सरळ करत होती, तिचे खांदे हलत होते. मी त्या मुलाला पावसाळ्यात ये म्हणून सांगितलं. उन्हाळाभर तो मोकळा नाही, पापड व्हायचेत.